पिवळ्याच्या डावीकडे

३ मार्च

आठ नंबरचं दार पिवळं झालं आहे.

सकाळी दुधाच्या बाटल्या आत घ्यायला गेलो आणि पाहिलं. आत येऊन चष्मा पुसला, पुन्हा बाहेर गेलो. पिवळंच. रॉक्सबी टेरेसची अकराच्या अकरा दारं दोनशे वर्षं काळी आहेत. राजे आले नि गेले, महायुद्धात समोरच्या हिरवळीवर तोफा उभ्या राहिल्या, पण दारं काळी ती काळीच. जर्मन विमानांना जे जमलं नाही ते थेल्मा ऑकेंडनबाईंनी एका डब्यात आणि एका रात्रीत करून दाखवलं.

आणि पिवळा तरी कसला! शाळेत कस्टर्ड म्हणून जे वाढायचे, तो.

बाई जन्मभर पोरांना पोहायला शिकवत होत्या. आता अठ्ठ्याहत्तरीला आल्या तरी रोज सकाळी समुद्रात उतरतात, वर गारा पडत असल्या तरी. इतक्या वर्षांत मिठाच्या पाण्याने रंगाची जाण धुऊन नेली असावी. मी पायरीवरूनच विचारलं, "मिसेस ऑकेंडन, हा काय प्रकार?"

"रंग आहे, चेअरमन. ओला आहे, टेकू नका."

आमचं सात आणि त्यांचं आठ, दोन्ही दारं खेटून; मध्ये एक खांब काय तो. म्हणजे टेरेस समितीचा अध्यक्ष, मी, लेनर्ड फॉस्डाइक, रोज कस्टर्डला खांदा घासून घरात शिरणार. मरियनला बोलावून दाखवलं. नवऱ्याचा असा भरदिवसा अपमान झाल्यावर बायकोने निदान चुकचुकावं की नाही? तिने दाराकडे पाहिलं, थेल्माबाईंकडे पाहिलं आणि म्हणाली, "दिसतं तरी नीट."

५ मार्च

समितीची तातडीची बैठक. समिती म्हणजे मी आणि सहा नंबरचे ट्रेव्हर स्नेलिंग. बाकीच्यांना वेळ नसतो. त्यांना फक्त मतं असतात.

सहा नंबर म्हणजे टेरेसचा मधला भाग. सगळ्या अकरा घरांची मिळून एकच इमारत वाटावी म्हणून वास्तुकाराने याच घराच्या डोक्यावर त्रिकोणी मुकुट ठेवला, पुढे सहा खांब उभे केले. त्या मुकुटाखालच्या दिवाणखान्यात ट्रेव्हरने शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकांसाठी पलंग मांडले आहेत. लंडनहून तरुण मंडळी येतात, आरडाओरडा करतात, खांबाला टेकून फोटो काढतात. एकेकाच्या नशिबात मुकुट असतो. आम्हाला मुकुटाची फक्त सावली मिळते, तीही दुपारी.

"नोटीस द्या बाईला," ट्रेव्हर म्हणाला. "जूनमध्ये महापौर येणार, बँड येणार, आणि फोटोत मधोमध हे पिवळं बोंबलणार."

ठराव एकमताने मंजूर. जूनमध्ये टेरेसची द्विशताब्दी आहे. भाषण माझं आहे. गेलं वर्षभर ते लिहितो आहे, आणि मरियन गेलं वर्षभर ते ऐकते आहे.

१४ मार्च

आज एक सुखद धक्का. चहाच्या वेळी मरियन म्हणाली, "लेनर्ड, आपला जिना कधी फिरवला रे?"

"म्हणजे?"

"परवा उजवीकडे होता."

मी तिला समजावून सांगितलं. ही घरं जोडीजोडीने बांधली आहेत, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप. दोन घरांची धुराडी पाठीला पाठ लावून उभी केली की विटा वाचतात. म्हणून आपला जिना डावीकडे आणि आठ नंबरचा उजवीकडे. पहिल्या दिवसापासून जिथे आहे तिथेच आहे, तो काय उठून जाणार? तिने इतकं लक्ष देऊन ऐकलं की मी कपाटातून जुने नकाशेच काढले. तिने आपल्या घरावर बोट ठेवलं, मग शेजारच्या घरावर. "हं. म्हणजे ते इथे," असं स्वतःशीच म्हणाली.

बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला वास्तुकलेची गोडी लागली. उशिरा का होईना.

२ एप्रिल

नोटिशीला उत्तर नाही. बाईंनी ती काचेला आतून चिकटवली आहे, उलटी.

त्याहून वाईट म्हणजे शत्रूने आता आमच्याच घरात हातपाय पसरले आहेत. दुपारी खिडकीतून पाहतो तर थेल्माबाई आणि मरियन हातात हात घालून आठ नंबरातून बाहेर पडतायत. बाई तिला आमच्या पायरीपर्यंत सोडायला आल्या, पिवळ्या दाराकडे बोट दाखवून काहीतरी बोलल्या, मग आमच्या दाराकडे बोट दाखवलं. दोघी हसल्या. कुणावर हसल्या हे सांगायला नको.

"काय चाललं होतं तिथे?" मी विचारलं.

"चहा प्यायले."

"आपल्या घरात चहा मिळत नाही का?"

"मिळतो ना," ती म्हणाली. "मला वाटलं तोच पितेय."

याला खोचक बोलणं म्हणतात. मी दुर्लक्ष केलं. गेला आठवडाभर जेवायला रोज लीकचं, त्या जाड कांदापातीचं, सूप आहे. सोमवारी मी म्हटलं छान झालंय, मंगळवारी म्हटलं पुन्हा? तिने कपाळाला आठ्या घातल्या: "पुन्हा कुठे? किती दिवसांनी केलंय!" हा निषेध आहे हे मला कळतं. मीही कच्चा नाही. निमूट पितो आहे.

२१ एप्रिल

टेरेसच्या पुढच्या बाजूला नवा रंग लागतोय. तो कुठला असावा यावर अकरा घरांनी तीन बैठका घातल्या आणि शेवटी सायीचा रंग ठरला, जो आधीपासून होताच. लोकशाही यालाच म्हणतात. परांचीवर चढून मी स्वतः पाहणी केली. रंगाऱ्याने चुकून गिलाव्याचा एक पोपडा उडवला तेव्हा भिंतीचं अंतरंग दिसलं: समुद्रावरचे गोटे, फुटक्या विटा, कुणाच्या तरी किटलीचं तोंड, सगळं चुन्यात कालवून ठासलेलं. हाताला लागेल तो कचरा आत भरायचा, वर गुळगुळीत गिलावा करायचा आणि गिलाव्यावर रेघा मारून दगडांची शोभा आणायची. खिळा ठोकला तर अर्धी भिंत हातात येते. म्हणून आम्ही खिळे ठोकत नाही. पाहुण्यांना वाटतं, आमची अभिरुची साधी आहे.

संध्याकाळी मरियनबरोबर समुद्रावर फिरायला गेलो. परतताना अकरा नंबरच्या बाजूच्या भिंतीकडे पाहून ती थांबली. "ती वरची खिडकी कधीच कशी उघडत नाहीत? कोण राहतं तिथे?"

ती खिडकी खोटी आहे. दुसऱ्या बाजूला खिडकी आहे म्हणून या बाजूलाही हवी, एवढ्यासाठी भिंतीवर रंगवलेली, पडदासुद्धा रंगवलेला. लग्न होऊन आम्ही इथे आलो तेव्हा हा आमचा ठरलेला विनोद होता. ती विचारायची कोण राहतं, मी म्हणायचो तुझी सासू. आजही म्हटलं. पूर्वी ती पोट धरून हसायची. आज म्हणाली, "अरे बापरे, एकट्याच?"

मला बरं वाटलं. विनोदात अशी नवी भर पडली पाहिजे.

घराजवळ येता येता ती पुटपुटत होती, "पिवळ्याच्या डावीकडे, पिवळ्याच्या डावीकडे." एखाद्या लहान मुलीने पाढा म्हणावा तसं. मला डिवचण्यासाठी बाईंनी शिकवलेलं असणार. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला हा पोरकटपणा शोभतो का?

९ मे

विजय!

सर्व रहिवाशांची सभा झाली. मी मूळ खरेदीखत वाचून दाखवलं: दारं काळी आणि एकसारखी राहतील. ट्रेव्हरने वकिलाचं नाव काढलं. थेल्माबाई ओल्या केसांनीच आल्या होत्या.

"दार पिवळं करण्यामागे काही कारण?" मी विचारलं.

"आहे. सांगणार नाही."

"नसेलच," ट्रेव्हर म्हणाला.

"ट्रेव्हर, तुम्हाला पाण्यात तोंड घालून श्वास धरायला मी शिकवलंय. तो आताही धरा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "चेअरमन, वकील आणा, बँड आणा, दार पिवळं राहील."

सभेत कुजबुज सुरू झाली. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून मरियन उठली. माझी मरियन, जी सभेत कधी चहाचा कपसुद्धा आवाज करून ठेवत नाही.

"थेल्मा," ती म्हणाली, "करून टाक काळं. मला पाठ झालंय आता."

"नक्की?"

"नक्की. त्याचा सोहळा नीट होऊ दे. वर्षभर झटतोय तो."

बाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "ठीक आहे. सोहळ्याआधी काळं होईल." टाळ्या पडल्या. माझी बायको सगळ्यांदेखत माझ्या बाजूने उभी राहिली! नियम तिला पाठ झालेत, हे तर तिने स्वतःच सांगितलं. माझा ऊर भरून आला, हे इथे लिहायला हरकत नाही. इथे कोण वाचतंय?

१० मे

थेल्माबाई सकाळी दारात. हातात टॉवेल.

"चेअरमन, जरा स्वतःच्या घराकडे बघा. दारांकडे नंतर बघा."

मी म्हटलं, आमच्या घराची तपासणी दर वर्षी होते, छपरापासून तळघरापर्यंत, आणि आजवर एक दोष निघालेला नाही. त्या टॉवेल खांद्यावर टाकून समुद्राकडे चालू लागल्या. हरलेल्या माणसाने दोन शब्द बोलावेत, पण जपून बोलावेत.

१८ जून

आठ नंबर काळं झालं. अकराही दारं काळी, अकराही घरं सायीची. दुपारी मी हिरवळीच्या पार टोकाला जाऊन उभा राहिलो आणि डोळे भरून पाहिलं. कुठे सुरू होतं, कुठे संपतं, कळत नाही. असं वाटलं की वास्तुकाराने आत्ताच पेन्सिल खाली ठेवली.

मरियन दुकानातून ब्रेड घेऊन आली ती थेल्माबाईंच्या सोबत. हल्ली त्यांची गाठ रस्त्यातच पडते. योगायोग.

२० जून

लिहायला बसलोय खरा.

हवा उत्तम होती. हिरवळीवर खुर्च्या, काकडीची सँडविचं, स्कोन, बँड, गळ्यात साखळी घातलेले महापौर. व्यासपीठ असं मांडलं होतं की बोलणाऱ्याच्या पाठीशी सबंध टेरेस दिसावी. कल्पना माझीच. पहिल्या रांगेत मरियन निळी टोपी घालून, शेजारी थेल्माबाई. त्यांच्याशीही आज मी हसून बोललो. जिंकलेल्याला परवडतं.

भाषणाची वेळ झाली आणि चष्मा सापडेना.

"टेबलावर राहिला असेल," मी म्हटलं.

"मी आणते," मरियन उठली. थेल्माबाई तिच्याबरोबर निघाल्या तर मी म्हटलं, "बसा हो, ती काय लहान आहे? समोर तर घर आहे." मरियनही म्हणाली, "बस गं, येते मी." आणि रस्ता ओलांडून गेली.

ती येईना. बँड थांबला, महापौर घड्याळ बघू लागले. मी म्हटलं, न वाचताच बोलू, वर्षभर घोकलंय. आणि खरंच, काय रंगलं! लोक सुरुवातीला सँडविचांत होते. हळूहळू एकेकाने मान वर केली. मी सर्वांत आवडत्या वाक्याशी आलो: "मित्रहो, समुद्रावरून पाहणाऱ्याला यातलं कुठलं घर कुणाचं, हे कधीही सांगता येणार नाही. आणि यातच या वास्तूची थोरवी आहे!"

सगळे माझ्या खांद्यावरून मागे टेरेसकडे पाहत होते. महापौरांचं तोंड उघडं होतं. मला वाटलं, पोचलं. आयुष्यात पहिल्यांदा या लोकांना वास्तुकला दिसते आहे. मागे कुणीतरी खुदकन हसलं. थेल्माबाईंनी हातातली बशी गवतावर टाकली आणि धावत सुटल्या.

मी वळून पाहिलं.

मरियन चार नंबरच्या पायऱ्या चढत होती. दारासमोरच्या पायपुसण्यावर तिने बूट पुसले, आधी डावा, मग उजवा, कुलपात किल्ली घातली, फिरवून पाहिली, काढली. खाली उतरली. तीन नंबरच्या पायऱ्या चढली. बूट पुसले. किल्ली घातली. अकरा नंबराकडून सुरुवात केली होती तिने, हे नंतर कळलं. नेमकी आमच्याच दाराला किल्ली न लावता ते मागे टाकून पुढे आली होती. टोपी जराही वाकडी झालेली नव्हती.

दोन नंबरच्या दारावर तिने मुठीने ठोठावलं. "लेनर्ड! दार उघड ना रे! लेनर्ड, मी आहे!"

माझ्या हातात माइक होता. माझं नाव सगळ्या हिरवळीने ऐकलं. मी धावलो, पण थेल्माबाई आधी पोचल्या. त्यांनी तिला मिठीत घेतलं तेव्हा ती हसून म्हणाली, "बघ ना, हा आतून दारच उघडत नाही."

चष्मा कोटाच्या आतल्या खिशात होता.

२१ जून

थेल्माबाईंनी सगळं सांगितलं. आरडाओरडा नाही, टोमणे नाहीत. टोमणे मारले असते तर बरं झालं असतं.

हिवाळ्यापासून मरियन त्यांच्या घरात शिरत होती. बाई पोहायला जाताना दार नुसतं ओढून घेतात. परत येऊन बघावं तर ही स्वयंपाकघरात, किटली चढवलेली, आणि "कपाटं कुणी हलवली?" म्हणून चिडलेली. एकदा तिने बाईंनाच विचारलं, तुम्ही कोण, आमच्याकडे कशाला आलात. मग भानावर आली की रडायची. अकरा घरांत एक तरी खूण हवी म्हणून बाईंनी स्वतःचं दार रंगवलं आणि तिच्याकडून पाठ करून घेतलं.

"तुम्ही मला सांगायचं होतं," मी म्हटलं.

"तिने शपथ घातली होती. म्हणे, त्याचा सोहळा होऊ दे, मग मीच सांगेन. आणि तुम्हाला काय सांगणार, चेअरमन? तुम्हाला जिना फिरल्याचं सांगितलं होतं तिने. तुम्ही नकाशे काढलेत."

हे बाईंनी मरियनकडून ऐकलं होतं. म्हणजे मरियनला ते लक्षात होतं. सूप लक्षात राहत नाही, पण हे राहिलं.

डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आज दिवसभर मला कुठल्याही गोष्टीबद्दल काही खोचक सुचलं नाही. मला भीती वाटते आहे.

२३ जून

सकाळीच दुकानात गेलो आणि सगळ्यांत भडक पिवळा मागितला. "कशासाठी?" दुकानदाराने विचारलं. मी म्हटलं, वारसा जतनासाठी.

शर्टाच्या बाह्या वर सारल्या, जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि आमच्या दारावर ब्रशचा पहिला फटकारा मारला. मनात मोठं उदात्त वाटत होतं. अध्यक्ष स्वतःच्या हाताने स्वतःचं दार पिवळं करतो, वगैरे. तेवढ्यात समुद्रावरून थेल्माबाई आल्या, अंगावरून पाणी निथळतंय.

"अहो, काय करताय हे?"

"प्रायश्चित्त."

"प्रायश्चित्त खड्ड्यात घाला! ती पिवळ्याच्या डावीकडे जाणार. तुमचं पिवळं केलंत तर जाईल सहा नंबरात, ट्रेव्हरच्या पलंगांवर! तिला ते एवढं एकच पाठ आहे, आता बदललंत तर तेही जाईल. पुसा ते आधी. माझं दार रंगवा."

वर्षभर जिच्याशी... नाही, तीन महिने जिच्याशी लढलो, तिच्या उंबऱ्यात गुडघे टेकून बसलो. बाई टॉवेल गुंडाळून मागे उभ्या. "कोपऱ्यात नीट. चेअरमन, ब्रश आहे तो, फावडं नाही." ट्रेव्हर बाहेर आला, बघत राहिला. "लेनर्ड, याची तक्रार करावी लागेल." मी म्हटलं, "जरूर कर. अध्यक्षांच्या नावाने लिही. अध्यक्ष सध्या कामात आहेत."

बाई कपडे बदलायला आत गेल्या. मी खालच्या फळीवर आलो होतो तेव्हा पलीकडून मरियन येताना दिसली. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन येते म्हणाली होती. मी खिडकीत नव्हे, इथेच बसून वाट बघत होतो. अकरा, दहा, नऊ अशी घरं मागे टाकत ती आली. ओठ हलत होते. माझ्याजवळ येऊन थांबली आणि ओल्या पिवळ्याकडे पाहून तिचा चेहरा उजळला.

"छान रंग आहे हो," ती मला म्हणाली. "पण आमच्या यांनी पाहिलं ना, तर तुमची खैर नाही. फार कडक आहेत ते दारांच्या बाबतीत."

"मग सांगू नका त्यांना," मी म्हटलं.

"नाही सांगणार." ती हसली. खांब ओलांडून डावीकडच्या पायऱ्या चढली, बूट पुसले, आधी डावा, मग उजवा. किल्ली पहिल्याच खेपेला लागली.

ती चेष्टा करत होती का, हे मी आत गेल्यावर विचारलं नाही. लीकचं सूप होतं. दोन वाट्या प्यायलो.

काळ्यावर पिवळा एका हातात चढत नाही. दुसरा हात उद्या.